फ्रान्स, प्रशिया आणि मधली विहीर

मास्तरांना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्यांना बसवणारी मीच होते.

एरवी तो माणूस उभ्यानं जेवायचा, उभ्यानं पेपर वाचायचा, आणि दाढी करायचा ती खोलीभर येरझारा घालत. आरसा एका भिंतीला, पाण्याची वाटी समोरच्या कोनाड्यात. त्यामुळे गालावर केसांची एखादी पट्टी कायम राहून जायची. स्टेशनवर जायचं असलं की टांगा ठरवायचे, टांग्यात पिशवी ठेवायचे आणि स्वतः टांग्याच्या बाजूनं चालू लागायचे. टांगेवाला म्हणायचा, "मास्तरसाब, बैठो ना. पैसे तो उतनेच लगते." मास्तर म्हणायचे, "माणूस बसला की त्याचं डोकंही बसतं." पिशवी मात्र ऐटीत बसून जायची.

हे आमचे घरमालक. औरंगपुऱ्यात भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं दगडमातीचं घर होतं. पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या, मागच्या दोन खोल्यांत ते चालत. राहत असं काही मला म्हणवत नाही. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, मग मराठी शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, आणि एकटे. पहाटे माळवदावर फेऱ्या सुरू व्हायच्या आणि पावलागणिक छताची माती आमच्या वरणात पडायची. मी ते वरण गाळून वाढायचे. आमचे हे म्हणायचे, आज वरणाला वेगळीच चव आहे. मी म्हणायचे, हिंग घातलाय.

मी तेव्हा वीस वर्षांची. वेणी कमरेपर्यंत, आणि अक्कल वेणीच्या टोकाला रिबिनीनं बांधलेली. आमचे हे चिकलठाण्याकडच्या एका नव्या कारखान्यात लागले होते, म्हणून शहरात बिऱ्हाड. सासर फर्दापूरचं. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथं सासूबाईंची खानावळ होती. मी बीएला इतिहासात नापास होऊन सासरी आले होते, आणि हे लग्नाआधीच दोन्हीकडच्यांना माहीत होतं, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. सासूबाईंनी हळद उतरायच्या आत हिशेब स्पष्ट केला. "यंदा एकदा बस परीक्षेला. पास झालीस तर राहा शहरात, पुढचं शीक, नोकरी कर, माझं काही म्हणणं नाय. नापास झालीस तर गुमान इकडं ये. पोळ्या लाटायला माणूस लागतंय." सासूबाई शब्दाच्या पक्क्या होत्या आणि त्यांची परात फार मोठी होती. ती मी पाहून आले होते.

अशात आमचा घरमालक इतिहासाचा मास्तर निघाला. मला वाटलं, देव पावला. देव बिचारा कुठला पावतोय, नुसता भाडेकरार झाला होता.

मास्तरांनी शिकवायला लगेच होकार दिला. पैसे नकोत म्हणाले. अट एकच, त्यांच्याबरोबर चालायचं. परसात विहिरीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून विहिरीपर्यंत आमचा वर्ग भरायचा. पुढं हात मागं बांधलेले मास्तर, मागं पदर खोचून, पुस्तक छातीशी धरून मी. ते वळले की मीही वळायचे. बघणाऱ्याला वाटलं असतं, सासरा-सून काहीतरी हरवलेलं शोधतायत.

परसातल्या भिंतीचे पोपडे गेले होते, तोच मास्तरांचा युरोपचा नकाशा. मोठा पोपडा गेलेली जागा फ्रान्स, तिच्या उजवीकडं चिंधड्या चिंधड्या दिसत होत्या ते जर्मनीचे छोटे छोटे प्रांत, वरती एकटा पडलेला ठिपका इंग्लंड. छत्रीच्या टोकानं ते दाखवायचे. पाऊस नव्हता, पण छत्री होती, आणि युरोपपुरती ती पुरेशी होती. दिवाळीला मी शहाणपणा केला. भाडेकरू असले तरी घर आपलंच समजावं, असं आईनं शिकवलेलं. मी ती भिंत चुन्यानं पांढरीफेक केली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. मास्तर आले, भिंतीसमोर थबकले.

"उमेदवार," ते मला उमेदवारच म्हणायचे, "युरोप कुठाय?"

"चुना दिला, मास्तर."

"कारण?"

"दिवाळी आहे."

"ही सबब झाली. कारण सांग."

मी पदराचं टोक पिळत म्हटलं, "बायका नावं ठेवतात. भाडेकरीण आळशी आहे म्हणतात."

"हां. हे कारण." एवढं बोलून ते चालू लागले. रागावले नाहीत. चालता चालता म्हणाले, "सबब सगळे सांगतात. कारण पोटात ठेवतात. लढाई सबबीवर सुरू होते आणि कारणावर चालू राहते. लिहून घे."

मी लिहून घेतलं. त्या वर्षीच्या कोरड्या हवेनं चुना तडकला, आणि संक्रांतीपर्यंत भिंतीवर नवा युरोप उगवला. फ्रान्स थोडा आक्रसला होता. "सरहद्दी बदलल्या," मास्तर समाधानानं म्हणाले.

हवा कोरडी म्हणजे कशी कोरडी. तो बहात्तरचा दुष्काळ. कॅलेंडर त्र्याहत्तरवर गेलं तरी दुष्काळ बहात्तरचाच राहिला. खेड्यातली माणसं रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होती, आणि इकडं शहराबाहेर शेतांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडणं चाललेलं. पाणी नव्हतं, घरं मात्र उगवत होती. आमच्या बोळातही गॉगल लावलेला एक माणूस स्कूटरवरून यायचा आणि घरांची लांबीरुंदी टेपनं मोजायचा. आम्ही त्याला प्लॉटवाला म्हणायचो. त्याला तिथं दुकानांची रांग काढायची होती. मास्तरांचं आणि शेजारच्या पाटलांचं घर मोजून तो मला म्हणाला, "दोघातला एकजण तयार झाला, की दुसऱ्याला व्हावंच लागतंय. विहीर आधी बुजवू, मग पाया."

या विहिरीचं सांगायला हवं. ती दोन्ही परसांच्या मधोमध होती. मधली भिंत विहिरीवरून दगडी कमानीनं गेलेली, म्हणजे वर दोन घरं आणि खाली पाणी एकच. इकडं मास्तरांची कप्पी, तिकडं पाटलांची. पाणी इतकं खोल गेलेलं की दोन पोहरे एका वेळी सोडले तर दोर एकमेकांत अडकायचे. म्हणून सकाळ मास्तरांची आणि संध्याकाळ पाटलांची, असा तह होता.

पाटील फुलंब्रीचे. जमीनजुमला तिकडं, मुलगा तिकडं, पण यांनी नातवंडांच्या शाळेसाठी म्हणून शहरात घर घेतलं, आणि नातवंडं काही आली नाहीत. मास्तर जितके फिरते, तितके पाटील बैठे. सकाळी ओट्यावर बसले की ऊन अंगावर येईपर्यंत बसायचे, ऊन आलं की तेवढ्यापुरते सरकायचे. मास्तरांच्या बोळाकडच्या खिडकीला एकाहत्तरच्या लढाईतल्या ब्लॅकआउटचा काळा कागद अजून चिकटवलेला होता आणि त्याला बोट जाईल एवढं भोक होतं. भोकातून बरोबर पाटलांचा ओटा दिसायचा. मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, "विमानं बघायला."

दोघांत अबोला होता. माझ्या लग्नाच्याही कितीतरी आधीपासूनचा. अबोल्याला आपल्याकडं कायदे असतात. थेट बोललं की अबोला मोडतो, आणि जो आधी मोडतो तो हरतो. त्यामुळे तिसऱ्या माणसाकरवी बोलायचं. आमच्या दोन खोल्यांत जी भाडेकरीण येईल तिच्याकडं हे काम आपोआप यायचं, आणि हे मला खोल्या घेताना कुणी सांगितलं नव्हतं. मास्तर मागच्या दारी सांगायचे, मी बोळातून वळसा घालून पुढच्या ओट्यावर पाटलांना सांगायचे, पाटील उत्तर द्यायचे, मी ते घेऊन परत मागच्या दारी.

"सूनबाई, तेला म्हनाव, पोहरा सोडतूस का मुडदा टाकतूस? धप्पदिशी आवाज येतो. गाळ उठतो सगळा."

"उमेदवार, त्या बैठ्या बैलाला सांग, नंदी निदान महादेवापुढं बसतो. हा कुणापुढं बसलाय?"

"तेला म्हनाव, रातच्याला माळवदावर नाचू नको. तुझं माझं छप्पर एकाच तुळईवर हाय. पडलं अन् त्यात तू मेलास, तर चितेला लाकडं म्या देनार नाय."

मी दोघांनाही अबोल्याचं कारण विचारून पाहिलं. मास्तर म्हणाले, "त्याला विचार." पाटलांनी बराच विचार केला. म्हणाले, "कारण काय नाय पोरी. तो लई बोलायचा. एक दिवस म्या म्हनलं, आता बास. ते बास आजवर चाललंय."

हे सगळं गमतीचं होतं, पण माझी परीक्षा जवळ येत होती. मास्तरांनी आख्ख्या युरोपातून एकच प्रश्न उचलला होता. फ्रान्स-प्रशिया युद्ध, अठराशे सत्तर, कारणे व परिणाम. "हा आला की सगळे येतात," म्हणाले. दिवाळीपासून आम्ही कारणं करत होतो. स्पेनची रिकामी गादी, फ्रान्सच्या बादशहाचा पोटशूळ, प्रशियाच्या वजिराचे बेत. होळी आली तरी आम्ही कारणांतच. त्यात एक वाक्य पुरं व्हायच्या आत निरोप यायचा, की मी बोळातून वळसा घालून जायचे आणि यायचे. परत येईपर्यंत मास्तर पुन्हा पहिल्या कारणावर गेलेले असायचे.

"मास्तर, परिणाम कधी?"

"परिणाम अजून चालू आहेत."

"पण पुस्तकात दिलेत."

"पुस्तकातले मी तीनदा शिकवलेत," ते मोरीपाशी वळत म्हणाले. "मी शिकलो तेव्हा परिणाम असा होता की जर्मनी एक झाला आणि मोठा झाला. ते पाठ केलं. मग कळलं, फ्रान्सच्या मनात जर्मनीनं तोडून घेतलेला अल्सेसचा तुकडा सलत होता, त्यातून चौदा सालची लढाई झाली. मग तो परिणाम शिकवायला लागलो. तेवढ्यात दुसरी मोठी लढाई लागली. प्रत्येक वेळी मुलांना सांगायचं, मागचं खोडा. आता मी शिकवत नाही. संपले की सांगतो."

"माझी परीक्षा त्याआधी आहे."

"ती तुझी अडचण," ते म्हणाले आणि वळले.

मला रात्रंदिवस फर्दापूरची परात दिसू लागली.

आणि अशात मास्तरांनी तारेचा धडा घेतला. एम्स नावाच्या गावी प्रशियाचा राजा हवापालटाला गेला होता. बागेत फिरताना फ्रान्सचा वकील त्याला आडवा आला आणि हमी मागू लागला, की तुमच्या घराण्यातला माणूस स्पेनच्या गादीवर पुन्हा कधी येणार नाही. राजानं सभ्यपणानं नकार दिला आणि घडलं ते सगळं तारेनं आपल्या वजिराला कळवलं. वजिरानं ती तार छापायला दिली, पण कापून. वाचणाऱ्या फ्रेंचांना वाटलं, आपल्या वकिलाला हाकलून दिलं. जर्मनांना वाटलं, आपल्या राजाचा अपमान झाला. लढाई पेटली.

"वजिरानं खोटं काय लिहिलं?" मास्तरांनी छत्री माझ्यावर रोखली.

"काहीच नाही."

"मग केलं काय?"

"कापलं."

"काय कापलं?"

मी पुस्तकात बघू लागले. मास्तर म्हणाले, "मऊपणा. तारेतला मऊपणा तेवढा काढला. बाकी तार तीच."

त्या क्षणी माझ्या डोक्यात जो उजेड पडला, त्याची आठवण आली की आजही मला पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. मऊपणा काढून वजिरानं लढाई लावली ना? मग मी मऊपणा घालून तह करते. दोघं बोलू लागतील, निरोप थांबतील, मास्तरांना सवड होईल आणि परीक्षेआधी निदान दोन परिणाम पदरात पडतील. नापास झालेल्या मुलीला एवढी मोठी राजनीती सुचली, हेच खरं तर धोक्याचं होतं.

अडचण एवढीच होती, की मला जे सभ्य मराठी येत होतं ते सगळं शाळेतलं. आमच्या शाळेत बाई रिटायर झाल्या, साहेबांची बदली झाली, की भाषण मीच करायचे. तेवढंच माझ्याजवळ होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बैलाचा निरोप दिला. मी ओट्यासमोर उभी राहून, हात जोडून म्हटलं, "मास्तर म्हणाले, आजवर पोहऱ्याच्या आवाजाचा त्रास झाला असेल तर क्षमा असावी. आपल्यासारखा शेजारी पुन्हा मिळायचा नाही."

पाटील सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला. "क्षमा? तो म्हनला?"

"हो."

"तब्येत बरी हाय ना तेची?"

"बरी आहे."

पाटलांनी मास्तरांच्या दाराकडं पाहिलं, मग बोळाच्या तोंडाशी प्लॉटवाल्याची स्कूटर उभी होती तिच्याकडं पाहिलं. मी मात्र खुशीत, उत्तर घ्यायला पुढं झाले. पाटलांनी सवयीनं तुळईचा आणि चितेच्या लाकडांचा निरोप दिला, पण आवाजात जोर नव्हता. मी तो घेऊन मागच्या दारी गेले. जाता जाता बोळात त्याचं भाषण केलं.

"पाटील म्हणाले, आपल्यासारख्या विद्वानाच्या शेजारी इतकी वर्षं राहायला मिळालं हे माझं भाग्य. जिथं असाल तिथं तब्येतीला जपा."

मास्तर विहिरीकडून मोरीकडं निघाले होते. मध्येच थांबले. घमेलं पालथं पडलेलं होतं. त्यावर बसले.

मी घाबरले. त्यांचे गुडघे वाकतात हेच मला ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या युरोपाकडं बघत हळू म्हणाले, "विकलं त्यानं घर."

"काय?"

"जाणारा माणूस असा बोलतो." ते उठले, आणि मग जे चालू लागले ते माळवद, परस, बोळ, पुन्हा माळवद. त्या दिवशी वरणात मातीच माती.

यापुढचं सगळं मी उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि मला काहीही कळत नव्हतं. मास्तरांना वाटलं, पाटलांनी घर विकलं, आता प्लॉटवाला विहीर बुजवणार. पाटलांना वाटलं, मास्तरांनी विकलं, आता प्लॉटवाला विहीर बुजवणार. भर दुष्काळात विहीर जाणार म्हटल्यावर जाण्याआधी पाणी काढून ठेवावं, हे कुणालाही सुचेल. पाटलांनी सकाळीच पोहरा सोडला. सकाळ मास्तरांची होती. तह मोडला. मग मास्तरांनी संध्याकाळी सोडला. मग दोघांनी भर दुपारी सोडले आणि दोर एकमेकांत अडकले. दोघं दोन्ही बाजूंनी ओढत राहिले, तोंडातून शब्द न काढता.

घरातली भांडी भरली. पाटलांनी फुलंब्रीहून गुऱ्हाळातली काहील आणवली. ऊस नव्हताच, तेव्हा गूळ शिजवायची ती भलीमोठी कढई रिकामीच होती. बैलगाडीतून ती बोळात शिरताना दोन्हीकडच्या भिंतींना घासत आली. मास्तरांनी भोकातून पाहिलं आणि तसेच शहागंजाकडं चालत सुटले. येताना हातगाडीवर लग्नाचं जेवण शिजवायच्या मोठाल्या देगा होत्या. देगवाला विचारत होता, "मास्तरसाब, शादी किसकी है?"

"शादी नहीं. जंग है."

"तो सालन कायके वास्ते पकाना?" असं म्हणत त्यानं देगा उतरवल्या.

शिकवणी बंद पडली. मास्तरांना पाणी ओढण्यातून सवड नव्हती, आणि आमच्या वाटणीचं पाणीही देगांत गेलेलं, त्यामुळे मी एका हातात घागर आणि दुसऱ्या हातात इतिहास घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायचे. रांग सरकायची, पान सरकायचं नाही. परीक्षा अगदी तोंडावर आली आणि माझ्यापाशी अर्धं उत्तर होतं. त्यात मी जाता-येता दोघांना गोड गोड निरोप सांगतच होते. भांडण वाढलं म्हणून मी मऊपणा वाढवला. एकदा तर पाटलांना मी मास्तरांच्या वतीनं 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' दिल्या.

एका सकाळी मास्तरांनी पोहरा टाकला आणि धप्पच्या जागी खण्ण आवाज आला. पलीकडून पाटलांच्या पोहऱ्याचाही तसाच आला. विहीर आटली होती. खाली दगडगोटे, काळा गाळ आणि त्यात दोन पोहरे शेजारी शेजारी पालथे पडलेले.

मास्तर कमानीपाशी उभे राहून खाली बघत होते. मग वर्गात विचारावं तसं माझ्याकडं न बघता म्हणाले, "कारण?"

मी पुस्तक छातीशी धरलं. "पाटलांनी घर विकलं म्हणून."

"विकलं कशावरून?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी कशावरून म्हणालो?"

"त्यांच्या निरोपावरून."

"निरोप कुणी आणला?"

भिंतीपलीकडं पाटलांचा दोर सरकत होता, तो थांबला. मी युरोपाकडं पाहिलं. तो काही मदत करेना.

"मूळ तार वाच," मास्तर म्हणाले. "मोठ्यानं. एक शब्द गाळू नकोस."

आणि मी, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, डोक्यावरून पदर घेतलेली सून, कोरड्या विहिरीच्या काठावर उभी राहून साऱ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक निरोप म्हणू लागले. मुडदा, बैठा बैल, नंदी, माळवदावरचा नाच, चितेची लाकडं. मधल्या दिवसांतले आणखी काही होते, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. पाठांतर माझं चांगलं होतं. शेजारपाजारच्या बायका गच्चीवर आल्या. त्यातली एक म्हणाली, "अगंबाई, हिच्या तोंडात हे?" मी थांबले नाही.

म्हणून झालं. मग पलीकडून आवाज आला, मला उद्देशून.

"सूनबाई, बैल म्हनला व्हय मला?"

"व्हय."

"बैठा बैल?"

"व्हय, पाटील."

भिंतीमागून मोठा सुस्कारा ऐकू आला. "मंग नाय इकलं तेनं घर."

मास्तर छत्री टेकून उभे होते. "उमेदवार, चितेला लाकडं देणार नाही म्हणाला?"

"हो."

"एवढे शब्द?"

"एवढेच."

"छान," मास्तर म्हणाले, आणि विहिरीपासून मोरीपर्यंत अशा पावलांनी गेले, की मला वाटलं आता आनंदानं उडी मारतील.

लगेच पलीकडून निरोप आला. "तेला म्हनाव, हिरीला झिरपू दे चार दिस. तवर काहिलीतलं पानी घे. पर तांब्यानं घे. तुझा पोहरा माझ्या काहिलीत नको."

मी तो जसाच्या तसा सांगितला. मास्तरांनी उलट सांगितलं, की गुळाच्या काहिलीतलं पाणी पिऊन त्या बैलाची जीभ गोड होत नाही, मग आपली काय होणार, पाठव म्हणावं. काहील आणि देगा मिळून बोळातल्या सगळ्यांना पुरल्या. प्लॉटवाला पुन्हा आला, तेव्हा दोघांनीही मला त्याच्याकडं निरोप देऊन पाठवलं. दोन्ही निरोप एकच होते आणि दोन्ही मी न बदलता पोचवले. तो त्या वर्षी पुन्हा दिसला नाही.

मास्तर मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून उमेदवार म्हणणं बंद झालं. मी वजीर झाले. "काय वजीर, अभ्यास होतोय का?"

पेपरात तोच प्रश्न आला. कारणे व परिणाम. कारणं मी अशी लिहिली, की पुरवण्या मागून मागून पर्यवेक्षकाला दमवलं. सबब कोणती, कारण कोणतं, तारेतला मऊपणा कसा कापला, सगळं. मग 'परिणाम' असं लिहून खाली रेघ मारली आणि पुढं काही येईना. घंटा व्हायला आली. मी लिहिलं, 'परिणाम अजून चालू आहेत', आणि पेपर देऊन टाकला.

पास झाले. थर्ड क्लास, तोही काठावर. फर्दापूरला निरोप गेला, 'थर्ड आली.' सासूबाईंनी लेणी बघायला येणाऱ्या परमुलखाच्या पाहुण्यांनासुद्धा सांगितलं, आमची सून विद्यापीठात तिसरी आली. मी तो गैरसमज दूर केला नाही. मऊपणाचा तेवढा एकच उपयोग मला आयुष्यात झाला. मी शहरात राहिले, पुढं शिकले, शाळेत लागले आणि इतिहासच शिकवू लागले.

मास्तरांना पेढे द्यायला गेले, तेव्हा उभ्यानं पेढा खात ते म्हणाले, "अर्धंच उत्तर लिहिलंस?"

"अर्धंच शिकवलंत."

"ते राहिलं खरं," ते म्हणाले. मग ओट्याकडून हाक आली, आणि मी बोळातून वळसा घालून निघाले.

नंतर आम्ही शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं. पैठणच्या धरणाचं पाणी नळाला आलं. औरंगपुऱ्यातून जाणं व्हायचं, पण मास्तरांकडं जाणं राहून जायचं. पाटील गेल्याचं मला बाजारात कळलं, तेही जाऊन महिना झाल्यावर.

मी मास्तरांकडं गेले तेव्हा दुपार होती. खिडकीवरचा काळा कागद काढलेला होता, काच धुतलेली होती. पाटलांच्या मुलानं घर प्लॉटवाल्याला दिलं होतं. ओट्यावर विटा रचलेल्या, शेजारी वाळूचा ढीग. पाया खणायचं काम सुरू व्हायचं होतं, त्याआधी विहीर बुजवायची होती.

मास्तर परसात होते. घरात दोन दोन नळ असताना विहिरीवर उभे. थकले होते, पण उभेच. त्यांनी पोहरा कमानीखाली सोडला. मी सवयीनं धप्पची वाट पाहिली. दोर त्यांच्या हातांतून वीतवीत सरकत होता, तळहातांनी धरून, जपून, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा. पाण्याला पोहरा लागला, तेव्हा काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. दोर हातातच होता. "वजीर, आलीस का. जा, त्या बैठ्या बैलाला सांग, पोहरा हळू सोडलाय. गाळ उठला नाही. आता तरी गप बस म्हणावं."

मी खांद्याला पर्स लावलेली, शाळेत साठ साठ पोरांना दटावणारी बाई. बोळातून वळसा घातला, पुढं गेले आणि ओट्यासमोर उभी राहिले. विटांवर ऊन आलं होतं. पदर डोक्यावर घेतला आणि निरोप सांगितला, बैलासकट, जसा दिला तसा. मग उत्तर घेण्यासाठी जेवढं थांबायची पद्धत होती, तेवढी थांबले.